उन्हाचे भाडे नको, मालकी हवी: नाशिक जिल्ह्यातील सहकारी संस्थांच्या संचालकांना खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष, सचिव आणि संचालक मंडळ,
पाणीवापर संस्था, विविध कार्यकारी सोसायट्या, औद्योगिक सहकारी वसाहती आणि गृहनिर्माण संस्था,
नाशिक जिल्हा

सप्रेम नमस्कार.

गेल्या दोन-तीन वर्षांत आपल्या जिल्ह्यातल्या कितीतरी गावांत सौर प्रकल्पासाठी जमिनीची पाहणी झाली. कुठे गायरान, कुठे खासगी माळ. शेतीपंपांना दिवसा सौर वीज देण्यासाठीची मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० ही २०२३ मध्ये आली आणि तिच्यात खासगी जमीन भाडेपट्ट्याने देणाऱ्याला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये आणि दरवर्षी ३ टक्के वाढ ठरली. योजनेला माझा विरोध नाही, उलट तिचे स्वागतच आहे. निफाड आणि दिंडोरीकडच्या शेतकऱ्याला रात्री-अपरात्री मोटार चालू करायला उसाच्या कडेने जावे लागते आणि त्याच उसात बिबट्या असतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. दिवसा वीज मिळणे ही चैन नाही. त्यात जीव वाचतो.

माझे म्हणणे मालकीविषयी आहे. १ मेगावॉटच्या प्रकल्पाला चार ते पाच एकर, म्हणजे साधारण दोन हेक्टर जमीन लागते. भाडे वर्षाला अडीच लाख. त्याच जमिनीवरून वर्षाला १५ लाख युनिटच्या आसपास वीज निघते आणि युनिटला ३ रुपये धरले तरी ती ४५ लाखांची होते. मधला सगळा फरक नफा असतो असे मी म्हणणार नाही. त्यातून कर्ज फिटते, देखभाल होते, विमा भरला जातो. पण कर्ज फिटल्यावरही पॅनेल आणखी दहा वर्षे वीज देत राहतात. त्या दहा वर्षांचा पैसा कोणाच्या खात्यावर जमा होणार, हे आज भाडेपट्ट्यावर सही करतानाच ठरते आहे.

मी सहकारी संस्थांचे लेखापरीक्षण करते. तुमच्यापैकी अनेकांच्या वह्या माझ्या हाताखालून गेल्या आहेत. तुमच्या संस्थांची ताकद कुठे आहे आणि दुखणे कुठे आहे, हे दोन्ही मला ताळेबंदात दिसत आले आहे. त्या ओळखीच्या बळावर मी तुमच्याकडे मागणे मागते आहे: वीज तयार करणे हा तुमच्या संस्थेच्या उद्देशांतला एक उद्देश करा. त्यासाठी नवी संस्था काढायची गरज नाही. जी आहे, जिचा सचिव गावाला माहीत आहे, जिची सर्वसाधारण सभा दरवर्षी भरते, तिच्याच पोटनियमांत हा उद्देश घाला.

कायदा आड येईल अशी भीती अनेकांच्या मनात असते. वीज कायदा, २००३ चे कलम ७ वाचा. वीजनिर्मितीला परवाना लागत नाही. कलम ५ मध्ये तर ग्रामीण भागातली वीज घाऊक घेण्याचे आणि स्थानिक वितरण सांभाळण्याचे काम पंचायत, ग्राहकांच्या संघटना आणि सहकारी संस्था यांच्यामार्फत करण्याचा उल्लेख स्पष्ट आहे. केंद्राची पीएम-कुसुम योजना २०१९ ची. तिच्या ‘अ’ घटकात ५०० किलोवॉट ते २ मेगावॉटचे प्रकल्प उपकेंद्रापासून पाच किलोमीटरच्या आत कोण उभारू शकतो, याची यादी आहे. शेतकरी, शेतकऱ्यांचे गट, सहकारी संस्था, पंचायती, शेतकरी उत्पादक कंपन्या आणि पाणीवापर संस्था. पाणीवापर संस्थांचे नाव त्या यादीत लिहिलेले आहे, आणि देशात पाणीवापर संस्थांचे नाव निघाले की ज्या जिल्ह्याकडे बोट दाखवले जाते, तो आपलाच आहे.

वाघाड धरणावरच्या पाणीवापर संस्थांची गोष्ट तुम्हाला पाठ असेल, तरी मी ती इथे मांडते, कारण माझा सगळा भरवसा तिच्यावरच आहे. १९९० च्या सुमारास ओझरच्या बाजूला, कालव्याच्या टोकाला असलेल्या शेतकऱ्यांपर्यंत पाणी पोचत नव्हते. समाज परिवर्तन केंद्राचे बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी लोकांना एकत्र करून पाणीवापर संस्था उभ्या केल्या. पाणी चारीच्या मुखाशी घनमापनाने मोजून घ्यायचे, संस्थेने त्याचे पैसे पाटबंधारे खात्याला भरायचे आणि आत कोणाला किती तास, हे सभासदांनी आपसात ठरवायचे. टोकाच्याला आधी पाणी, हा नियमही लोकांनीच पाळला. पुढे वाघाडवर अशा २४ संस्था झाल्या आणि अख्ख्या प्रकल्पाचे सिंचन शेतकऱ्यांच्या प्रकल्पस्तरीय संस्थेने हाती घेतले. राज्याचा सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन हा कायदा २००५ साली आला, तेव्हा वाघाड आधीच चालून दाखवत होता.

यातली कोणती गोष्ट विजेला लागू पडत नाही? उपकेंद्रावर मीटर बसतो, तिथे मोजून वीज द्यायची. सभासदांची यादी आहे, वसुलीची शिस्त आहे, भांडण मिटवायची पद्धत आहे. आवर्तन कधी सुटणार हे विचारायला जसा शेतकरी संस्थेच्या कार्यालयात येतो, तसाच इन्व्हर्टर का बंद पडला हे विचारायलाही येईल, आणि उत्तर देणारा माणूस गावातला असेल.

आता मुळा-प्रवरा. हे नाव निघाल्याशिवाय आपल्या भागात सहकारी विजेची चर्चा पुढे सरकत नाही आणि सरकूही नये. १९६९ मध्ये ग्रामीण विद्युतीकरण महामंडळाने देशात पाच पथदर्शी वीज सहकारी संस्था निवडल्या. श्रीरामपूरची मुळा-प्रवरा त्यांतली एक. शेजारच्या जिल्ह्यात या संस्थेने खेड्यापाड्यांत तारा नेल्या, मोटारी चालवल्या. पुढे ती थकबाकीत बुडत गेली. वीज घाऊक दराने विकत घ्यायची आणि बहुतांशी शेतीपंपांना स्वस्तात द्यायची, असा तिचा धंदा होता. दरावरून वाद झाले, वसुली ढिली पडली आणि महावितरणच्या म्हणण्याप्रमाणे थकबाकी दोन हजार कोटींच्या पुढे गेली. २०११ मध्ये परवाना संपला आणि वितरण महावितरणकडे गेले. त्याच १९६९-७० च्या काळात सुरू झालेली बेळगाव जिल्ह्यातली हुक्केरीची संस्था आणि तेलंगणातली सिरसिल्लाची संस्था मात्र पुढे टिकल्या. म्हणजे वीज आणि सहकार यांचे मुळातच जमत नाही, असा निष्कर्ष काढायला आधार नाही.

मुळा-प्रवरातून मी एवढाच धडा घेते की वितरणाच्या वाटेला आपण आज जाऊ नये. आपण निर्मिती करावी. निर्मितीत आपला ग्राहक एकच, महावितरण, आणि करार २५ वर्षांचा. शेजाऱ्याच्या मोटारीचे बिल वसूल करण्याची वेळ आपल्या वसुली अधिकाऱ्यावर येत नाही. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना मार्च २०२९ पर्यंत मोफत वीज देण्याची योजना राज्याने २०२४ मध्ये आणली आहे. अशा काळात शेतकऱ्याला वीज विकायला निघालेली संस्था पहिल्याच वर्षी आडवी होईल. महावितरणला विकणारी संस्था त्या फटक्यातून वाचते.

गुजरातमधल्या खेडा जिल्ह्यात धुंडी गावात २०१६ मध्ये सहा शेतकऱ्यांनी हेच केले. सौर पंपांची सहकारी मंडळी काढली, पाणी उपसून उरलेली वीज वीज कंपनीला युनिटला ४ रुपये ६३ पैशांनी विकली. वीज विकून पैसे मिळतात म्हटल्यावर विनाकारण पाणी उपसण्याची ओढही कमी होते. सिन्नर, येवला, चांदवडच्या विहिरींची मार्चनंतरची अवस्था पाहणाऱ्याला हा मुद्दा समजावून सांगावा लागणार नाही. तिथे वरून अनुदान आणि एका संशोधन संस्थेची साथ होती, हे खरे. पण करारावर सही शेतकऱ्यांच्या मंडळीची होती.

आता हिशेब. गोड बोलून तुम्हाला यात ओढायचे नाही, म्हणून जसा आहे तसा मांडते. १ मेगावॉटला जमीन सोडून साधारण ४ कोटी रुपये धरा. १ कोटी सभासदांचे भागभांडवल, म्हणजे दोनशे सभासदांनी प्रत्येकी ५० हजार. ३ कोटी कर्ज. १० टक्के व्याजाने १५ वर्षांत फेडायचे तर वर्षाचा हप्ता ४० लाखांच्या घरात जातो. १५ लाख युनिटला ३ रुपये १० पैसे मिळाले तर उत्पन्न साडेसेहेचाळीस लाख. देखभाल, विमा, राखण, पॅनेल धुण्याचे पाणी आणि माणूस, यांना चार-साडेचार लाख. उरतात दोन-अडीच लाख. १ कोटीच्या भांडवलावर हे काहीच नाही. बँकेतली ठेव याहून जास्त देते.

कृषी पायाभूत सुविधा निधीतून २ कोटींपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याजसवलत सात वर्षे मिळते आणि कुसुमच्या ‘अ’ घटकाला तो निधी जोडण्याचा निर्णय २०२४ मध्ये झाला आहे. ती मिळाली तर पहिल्या वर्षी पाच-सहा लाखांची भर पडते, पुढे मुद्दल घटेल तशी ती कमी होते. व्याजदर एक टक्क्याने उतरला तर वर्षाला दोन लाखांहून जास्त वाचतात. १५ वर्षांनी कर्ज संपते आणि पॅनेलची क्षमता थोडी घटली, इन्व्हर्टर बदलावे लागले, असे सगळे धरूनही वर्षाला तिसेक लाख हातात राहू शकतात. थोडक्यात, हा धंदा घाईच्या माणसाचा नाही. बाग लावल्यावर पहिली छाटणी कधी येते हे ज्यांना ठाऊक आहे त्यांनीच यात उतरावे. सभासदाला पहिल्या वर्षापासून १५ टक्के लाभांशाचे आश्वासन देणारा कोणी भेटला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

या आकड्यांमुळेच माझी दुसरी सूचना मला पहिलीपेक्षाही महत्त्वाची वाटते. ती औद्योगिक सहकारी वसाहतींसाठी आहे. सातपूरची नाशिक औद्योगिक सहकारी वसाहत (नाईस), मुसळगावची सिन्नर तालुका औद्योगिक सहकारी वसाहत, आणि त्यांच्याबरोबर द्राक्ष-कांद्याची शीतगृहे व प्रीकूलिंग चालवणाऱ्या सगळ्या संस्था. तुमच्या सभासद कारखान्यांना युनिटला आठ रुपयांच्या आसपास किंवा त्याहून जास्त मोजावे लागतात. तीन रुपयांना वीज विकण्यापेक्षा आठ रुपयांची वीज वाचवणे केव्हाही परवडते.

याला कायद्यात स्वयंवापर प्रकल्प म्हणतात. वीज नियम, २००५ च्या नियम ३ प्रमाणे वापर करणाऱ्यांकडे प्रकल्पाची किमान २६ टक्के मालकी हवी आणि तयार झालेल्या विजेतली किमान ५१ टक्के त्यांनीच वापरायला हवी. मग क्रॉस सबसिडी अधिभार, म्हणजे महावितरणऐवजी दुसरीकडून वीज घेतल्याबद्दलचा जादा आकार, लागत नाही. अनेक कारखानदारांनी मिळून साधा गट केला तर प्रत्येकाने आपापल्या हिश्श्याच्या प्रमाणातच वीज वापरली का, हे दरवर्षी तपासले जाते आणि त्यात फरकाला जागा फक्त १० टक्के. एखाद्याचा कारखाना सहा महिने मंदावला की अख्ख्या गटाचा दर्जा धोक्यात येऊ शकतो. पण नोंदणीकृत सहकारी संस्थेने प्रकल्प उभारला असेल तर या दोन्ही अटी सभासदांनी मिळून पाळल्या तरी चालतात. एकाने कमी वापरली, दुसऱ्याने जास्त, बेरीज जमली की झाले. सहकारी संस्थांसाठी मुद्दाम ठेवलेली ही सवलत दोन दशके नियमात आहे. व्हीलिंगचे, म्हणजे महावितरणच्या तारा वापरण्याचे आकार आणि वहनातली गळती वजा करावीच लागते, तो हिशेब प्रत्येकाने आपल्या भारावर मांडावा. तरीही आपल्या जिल्ह्यात सहकारी विजेचा पहिला भक्कम प्रकल्प इथूनच उभा राहील असे मला वाटते. त्याच्या यशावर मग पाणीवापर संस्थांना कर्ज मिळणे सोपे जाईल.

गृहनिर्माण संस्थांबद्दल थोडक्यात. पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामाईक वापरासाठी किलोवॉटला १८ हजार रुपये अनुदान आहे. लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे यांचे बिल त्यातून बरेच उतरते. गच्ची कोणाची यावरची भांडणे आधी मिटवा, एवढेच माझे सांगणे.

हे सगळे असूनही अशा संस्था अपवादच का राहिल्या? कुसुमचा ‘अ’ घटक देशभरात सर्वात मागे पडला. छोट्या अर्जदाराला कर्ज मिळत नाही, हे त्यातले मोठे कारण. बँकेला तारण हवे, संस्थेकडे तारण म्हणून फक्त तो करार. इथे शासनाने करायची दोन कामे आहेत, आणि या पत्राची प्रत मी जिल्हा उपनिबंधकांना म्हणूनच देते आहे.

पहिले काम माझ्याच व्यवसायातले. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० चे कलम ७० संस्थेने आपला निधी कुठे गुंतवावा हे सांगते. एखाद्या विकास सोसायटीने आपला पैसा शेजारच्या संस्थेच्या सौर प्रकल्पात घातला तर लेखापरीक्षक आक्षेप लिहिणार. मीही लिहीन, कारण माझे काम तेच आहे. पण राज्य शासनाला सर्वसाधारण किंवा विशेष आदेशाने गुंतवणुकीचा नवा मार्ग खुला करता येतो. वीजखरेदी करार झालेल्या सहकारी प्रकल्पात मर्यादित टक्केवारीपर्यंत गुंतवणूक करता येईल, असा एक आदेश निघाला तर सचिवांच्या मनातली निम्मी भीती जाईल. त्याच्या जोडीला वीजनिर्मितीचा नमुना पोटनियम सहकार खात्याने प्रसिद्ध करावा. तो नसल्यामुळे प्रत्येक संस्था आपापला मसुदा करणार आणि तो त्रुटी काढून परत येणार.

दुसरे काम मालकीचे. डेन्मार्कने २००९ च्या कायद्याने पवनचक्की उभारणाऱ्याला किमान २० टक्के हिस्सा साडेचार किलोमीटरच्या आत राहणाऱ्या लोकांना देऊ करणे बंधनकारक केले होते. २०२० मध्ये त्यांनी ती पद्धत बदलली आणि शेजाऱ्यांना थेट वार्षिक रक्कम देण्याचा मार्ग धरला. तपशील बदलला, तरी शेजाऱ्याचा वाटा राहिला. सौर कृषी वाहिनीत पुढचे जे करार होतील, त्यांत गावातल्या सहकारी संस्थेला २० टक्के भाग दर्शनी किमतीला घेण्याचा पहिला हक्क असावा, ही मागणी आपण सर्वांनी एकत्र लावून धरायला हवी. एकट्या संस्थेचे पत्र टेबलावर पडून राहते. पन्नास संस्थांचे ठराव बाजूला सारता येत नाहीत.

राहिला विश्वासाचा प्रश्न. निसाका आणि नासाका, म्हणजे निफाड आणि नाशिकचे सहकारी साखर कारखाने, बंद पडताना आपण पाहिले आहेत. जिल्हा बँकेच्या अडचणीत ज्यांच्या ठेवी अडकल्या त्यांच्या घरी सहकार हा शब्द आता सावधपणे उच्चारला जातो. ही माणसे चुकीची नाहीत. त्यांना भागभांडवल मागायला जायचे तर आधी काही गोष्टी लिहून द्याव्या लागतील. प्रकल्पाचे खाते मूळ संस्थेपासून वेगळे ठेवायचे आणि त्यातून कर्जहप्ता फेडण्याआधी कोणताही खर्च करायचा नाही. रोजचे उत्पादन, युनिटमध्ये, कार्यालयाच्या फळ्यावर लिहायचे. इन्व्हर्टरचा आकडा बदलता येत नाही, त्यामुळे या धंद्यात लपवायला जागा कमी आहे. ठेकेदार निवडताना संचालकाच्या नात्यातला नको. गारपिटीचा विमा कोणत्याही वर्षी चुकवायचा नाही, द्राक्ष पट्ट्यात त्याचे कारण सांगावे लागत नाही. आणि उपकेंद्र दिवसा किती वेळ बंद असते याची नोंद जागा ठरवण्याआधी महावितरणकडून मागून घ्या. उपकेंद्र बंद तर आपला प्रकल्पही बंद, ऊन कितीही असो.

एकलहऱ्याच्या औष्णिक केंद्रात आज २१० मेगावॉटचे तीन संच आहेत. त्या केंद्राने नाशिकला रोजगार दिला, ओळख दिली. पण त्यात या जिल्ह्यातल्या शेतकऱ्याचा भाग कधी नव्हता आणि तसा तो असणे शक्यही नव्हते. कोळशाच्या विजेला लागणारे भांडवल गावाच्या आवाक्यातले नसते. सौर विजेने पहिल्यांदाच हे गणित दोनशे सभासदांच्या आवाक्यात आणले आहे, म्हणून मी एवढ्या तळमळीने लिहिते आहे. द्राक्षाच्या निर्यातीत मोहाडीच्या सह्याद्री फार्म्सने शेतकऱ्यांचीच कंपनी उभी करून दाखवली. विजेत तसे काही घडवण्याची ताकद तुमच्या संस्थांत आहे, हे मी वह्या पाहून सांगते.

वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची आहे आणि सभेची नोटीस १४ दिवस आधी जायला हवी. त्या नोटिशीत एक विषय वाढवा: ‘सौर वीजनिर्मिती हा संस्थेचा उद्देश म्हणून पोटनियमांत समाविष्ट करण्यासाठी कलम १३ अन्वये पोटनियम दुरुस्ती करणे.’ ठराव मंजूर झाला म्हणजे लगेच पैसे घालावे लागतात असे नाही, पण तो नसेल तर अर्जच करता येत नाही. ज्या संस्थांना दुरुस्तीचा मसुदा तपासून हवा असेल त्यांनी तो ऑगस्टअखेर माझ्याकडे पाठवावा. मी तो विनामूल्य तपासून देईन, आणि सभेत सभासदांच्या प्रश्नांना उत्तरे द्यायला कोणी हवे असेल तर जिल्ह्यातल्या कोणत्याही गावात येईन.

आपली,
एक लेखापरीक्षक
नाशिक

प्रत माहितीसाठी: जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था, नाशिक